निओ जिओ पॉकेट कलर, वंडरस्वान की पीसी इंजिन? नागपुरात राहून घेतलेला निर्णय

त्रिमूर्ती नगरात माझं औषधांचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी दोन ते साडेचार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एखादं माणूस येतं ते ओआरएसची पाकिटं घेऊन जातं, की पुन्हा सामसूम. त्या अडीच तासांत मी जुन्या जपानी मशीनवर व्हिडिओ गेम खेळते. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेलं काचेच्या कपाटात मांडून ठेवायच्या वस्तूंबद्दल नाही. माझ्याकडची मशीन रोज हातात असतात, आणि त्याच कसोटीवर मी त्यांना जोखलं आहे.

आपल्या पिढीला व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि वर खुपसायची पिवळी नाहीतर काळी कॅसेट. आमच्या घरी 'मीडिया'चा होता. दादा आणि मी नागपूरच्या महाल भागातल्या घरी त्याच्यावर काँट्रा खेळायचो, कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायचो. तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. कळल्यावर उत्सुकता वाटली ती त्याच काळात जपानात आणखी काय काय निघालं आणि आपल्यापर्यंत आलंच नाही, याची. गेली तीन वर्षं त्यातलंच एकेक मशीन शोधून मागवते आहे. सध्या चार आहेत. तीन चालतात.

न चालणाऱ्यापासून सुरुवात करते, कारण निवड कशी करायची ते मला त्याने शिकवलं.

पहिला घेतला तो सेगाचा गेम गिअर. १९९० सालचा, रंगीत पडदा, आतून उजेड. एका विक्रेत्याने 'वर्किंग कंडिशन' लिहून विकला. पार्सल उघडलं तेव्हा चालू झाला, आवाज मात्र मुंगीएवढा. आठ दिवसांत पडदाही फिका पडत गेला आणि एक दिवस काहीच दिसेना. पाठ उघडली तर आतून मासळीसारखा वास आला. तो वास कंडेन्सरमधून गळलेल्या द्रवाचा. त्या काळातले छोटे कंडेन्सर तीस वर्षांत गळतात आणि तो द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात जातो. गेम गिअरमध्ये हा दोष इतका सार्वत्रिक आहे, की कंडेन्सर बदललेला नसेल तर तो आज ना उद्या बंद पडणार असंच धरून चालावं. शिवाय त्याला सहा पेन्सिल सेल लागतात आणि ते तीन ते पाच तासांत संपतात. दुकानात मी औषधाची तारीख बघितल्याशिवाय पट्टी कोणाच्या हातात देत नाही, आणि तीस वर्षांच्या मशीनमध्ये काय काय मुदत संपून बसलं असेल हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी पुढचं मशीन घेण्याआधी चार गोष्टी बघायला लागले. सेल कोणते आणि किती लागतात. आत गळणारं, झिजणारं काय आहे. जपानी वाचता न येता खेळता येईल का. आणि बिघडलं तर इथल्या बर्डी बाजारातल्या कोणाला तरी ते दुरुस्त करता येईल का. शेवटचा मुद्दा मुंबई-पुण्याच्या लोकांना किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. परदेशात दुरुस्तीला पाठवलेली वस्तू परत येताना तिच्यावर कस्टम्सचे किती प्रश्न येतात ते मी एकदा अनुभवलं आहे.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरलं ते एसएनकेचं निओ जिओ पॉकेट कलर. १९९९ साली आलेलं मशीन. एसएनके म्हणजे आपल्याकडे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायच्या किंग ऑफ फायटर्स आणि मेटल स्लगवाली कंपनी. सदर भागातल्या एका पार्लरमध्ये दादा तासन्‌तास किंग ऑफ फायटर्स खेळायचा आणि मी त्याच्या मागे उभी राहून बघायची, कारण तिथे मुली खेळत नसत. तेच खेळाडू, मोठ्या डोक्याचे आणि छोट्या अंगाचे होऊन, आता माझ्या तळहातावर लढतात. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भरून आलं होतं.

या मशीनची जान त्याच्या काडीत आहे. डाव्या अंगठ्याखाली एक गोल बुटकी काडी असते. आत चार सूक्ष्म स्विच आहेत, त्यामुळे कुठल्याही दिशेला ढकललं की 'टिक' असा स्पष्ट आवाज येतो आणि बोटालाही तो टिचका कळतो. खाली, तिरपं, पुढे आणि बटण अशी चाल निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या मशीनच्या फुलीसारख्या बटणावर माझ्याकडून दहातल्या पाच वेळा चुकते. इथे ती सहसा चुकत नाही. लढाईचे गेम हातातल्या मशीनवर खेळावेत तर याच्यावर, असं माझं ठाम मत आहे. बटणं दोनच आहेत, पण एसएनकेने हलका आणि जोराचा ठोसा बटण किती वेळ दाबलं यावर सोडला आहे. पंधरा मिनिटांत सवय होते.

सेल दोन, पेन्सिलचे. कंपनीचा दावा चाळीस तासांचा आहे, आणि माझ्या वापरात दोन सेल साधारण तीन आठवडे जातात. शिवाय एक बटणासारखा सेल लागतो, सीआर २०३२. तो घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यासाठी. तो संपला तरी गेम चालतो, फक्त दर वेळी भाषा आणि वेळ पुन्हा विचारतो. हाच सेल शुगर तपासायच्या कित्येक ग्लुकोमीटरमध्ये असतो, म्हणजे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो.

आता भाषा. मशीन सुरू केल्यावर भाषा इंग्रजी निवडा, की जपानात विकलेल्या बऱ्याच कॅसेटही आपोआप इंग्रजीत चालू होतात. कुठल्या देशातली कॅसेट कुठल्या देशातल्या मशीनमध्ये लावावी याचं बंधन नाही. त्यामुळे जपानी मशीन आणि जपानी कॅसेट घ्यायला हरकत नाही, त्या स्वस्त पडतात. तरीही ज्या गेममध्ये वाचायला खूप आहे, त्याबद्दल आधी चौकशी करा. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गेम बॉयच्या पुष्कळ कॅसेटमध्ये आपला खेळ जपून ठेवायला आत सेल बसवलेला असतो आणि तो संपला की सगळं पुसलं जातं. निओ जिओ पॉकेटच्या कॅसेट फ्लॅश मेमरीवर लिहितात, त्यामुळे ही काळजी नाही. माझ्या मेटल स्लगच्या कॅसेटमध्ये कोण्या जपानी मुलाने किंवा मुलीने वीसेक वर्षांपूर्वी खेळलेला खेळ अजून तसाच आहे. मी तो पुसला नाही, दुसऱ्या जागेवर माझा सुरू केला.

दोष म्हणावा तर पडद्याला आतून उजेड नाही. रात्री पलंगावर पडून खेळता येत नाही. पण हाच दोष नागपुरात निम्मा नाहीसा होतो. हा पडदा बाहेरचा उजेड परत फेकून चित्र दाखवतो, म्हणजे जितकं ऊन तितका तो खुलतो. मोबाइल जिथे उन्हात काळा पडतो तिथे हा उजळतो. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता गच्चीवर उन्हाला पाठ करून बसा, खांद्यावरून ऊन पडद्यावर येऊ द्या, आणि मग रंग बघा. मेट्रोतही तेच. सुभाषनगरहून बर्डीला जाताना गाडी उंचावरून धावते, अंबाझरीच्या बाजूने लख्ख उजेड येतो. झाशी राणी चौक येईस्तोवर माझी एक लढत पूर्ण होते.

घेताना तीन गोष्टी तपासा. काडी चारही बाजूंना टिकटिकते का. सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड आहे का (अल्कलाइन सेलची असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने निघते, पण पट्टीच कुरतडली गेली असेल तर राहू द्या). आणि पडद्याच्या कडेला डाग आहेत का. विक्रेत्याला खणाचा फोटो मागा. देत नसेल तर पुढे चला.

वंडरस्वान हे हातातलं मशीन मी ते घडवणाऱ्या माणसासाठी घेतलं. गुन्पेई योकोइ. निन्टेन्डोचा गेम अँड वॉच त्याचा, १९८९ सालचा गेम बॉयही त्याचाच. १९९६ साली तो निन्टेन्डोतून बाहेर पडला आणि बांडाइ कंपनीसाठी वंडरस्वानवर काम केलं. मशीन बाजारात आलं मार्च १९९९ मध्ये, आणि तो ऑक्टोबर १९९७ मध्येच रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. आपली शेवटची वस्तू लोकांच्या हातात बघायला तो नव्हता. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, सगळ्या खोडी माहीत असलेलं तंत्र घ्यावं आणि त्यातून कोणी विचार न केलेलं काहीतरी काढावं, ही त्याची रीत होती. वंडरस्वान हातात घेतला की ती रीत दिसते. एकच पेन्सिल सेल. तेवढ्यावर साधं काळं-पांढरं मॉडेल तीस तासांच्या वर चालतं. वजन इतकं कमी, की पार्सल हातात घेतल्यावर डबा रिकामा आहे असं वाटलं.

हे मशीन आडवंही धरता येतं आणि उभंही. त्यासाठी डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन संच दिले आहेत. उभं धरून खेळायचा पहिला गेम घ्या तो गुन्पे, योकोइच्याच नावाचा. पडद्यावर खालून रेघांचे तुकडे वर सरकत येतात, ते खालीवर करून डावीकडून उजवीकडे अखंड रेघ जोडायची. वाचायचं काही नाही. माझी मुलगी नववीत आहे. तिने एका रविवारी हा गेम घेतला आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागली. "आई, थांब, ही रेघ लागू दे."

पण गुन्पे सोडला की अडचण सुरू होते. वंडरस्वान अधिकृतपणे जपानातच विकला गेला, आणि त्याचे जे गेम लोक मनापासून वाखाणतात त्यातले बरेच भूमिका घेऊन खेळायचे, संवादांनी भरलेले, जपानीत. फायनल फँटसीचा पहिला भाग २००० साली वंडरस्वान कलर या रंगीत मॉडेलवर नव्या चित्रांसह आला. मी कॅसेट घेतली. गावात शिरले, चार माणसांशी बोलले, आणि कोणता दरवाजा कोणाला विचारून उघडायचा हे कळेना म्हणून परत ठेवली. जपानी शिकत असाल तर हेच मशीन तुम्हाला वर्षभर पुरेल. नसाल तर दहा-बारा गेमपुरतं आहे, हे समजून घ्या. त्या दहा-बारांतला एक मात्र जरूर शोधा: जजमेंट सिल्व्हरस्वॉर्ड. सामान्य लोकांना स्वतः गेम बनवता यावेत म्हणून निघालेल्या वंडरविच नावाच्या संचावर तयार झालेला हा विमानाचा गेम पुढे कॅसेट म्हणून विकला गेला. इतक्या लहान पडद्यावर इतक्या गोळ्या आणि तरीही कुठे जायचं ते स्पष्ट दिसतं. त्याची कॅसेट महाग आहे. मी घेतलेली नाही, एका ओळखीच्या संग्राहकाकडे तासभर खेळले आहे.

आणखी दोन तक्रारी. मशीनला हेडफोनची साधी जागा नाही, वेगळा जोड लागतो, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की आवाज बंदच करावा लागतो. दुसरी पडद्याची. काळ्या-पांढऱ्या मॉडेलमध्ये वेगाने सरकणाऱ्या गोष्टी पुसट होतात. नंतरचा २००२ सालचा स्वानक्रिस्टल या बाबतीत पुष्कळ चांगला, पण त्याच्या पडद्यावरचा थर काही नगांत खराब होऊन डाग पडलेले असतात. उन्हात, चालू पडद्याचा, सरळ समोरून काढलेला फोटो मागा.

पीसी इंजिन ही वेगळीच गोष्ट. हे टीव्हीला जोडायचं मशीन, ऑक्टोबर १९८७ मध्ये एनईसी आणि हडसन या दोघांनी मिळून काढलेलं. अमेरिकेत १९८९ साली ते टर्बोग्राफ्क्स-१६ या नावाने मोठ्या काळ्या डब्यात गेलं आणि फारसं चाललं नाही. जपानातला मूळ डबा मात्र तळहातापेक्षा थोडाच मोठा. कॅसेटच्या जागी ह्युकार्ड, म्हणजे एटीएम कार्डाएवढी, जरा जाड पट्टी, समोरच्या फटीत सरकवायची. आतला मुख्य प्रोसेसर आठ बिटचाच आहे, चित्राच्या चिप मात्र सोळा बिटच्या. आमच्या मीडियाच्या डब्यावर पडद्यावर एका वेळी पंचवीसेक रंग यायचे. इथे चारशेच्या वर येऊ शकतात. दादाला पहिल्यांदा सोल्जर ब्लेड लावून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्याकडे हे आलं असतं तर मी दहावी नापास झालो असतो."

नागपुरात हे जोडायला मात्र कष्ट आहेत, आणि ते सविस्तर सांगते. १९८७ चं पांढरं मॉडेल फक्त अँटेनाच्या मार्गाने चित्र देतं, तेही जपानी चॅनेलच्या लहरींवर. आपल्या टीव्हीवर ते पकडणं जिकिरीचं. म्हणून पांढऱ्याच्या मोहात पडू नका, १९८९ चं कोअरग्राफ्क्स घ्या. त्याला मागे व्हिडिओ-ऑडिओची गोल पाच पिनांची जागा आहे. माझ्याकडे आलेल्या मशीनसोबत वायर नव्हती. बर्डीत मोदी नंबर तीनच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले काका बसतात, त्यांच्याकडे मशीन घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून मागची जागा बघितली.

"ही तर जुन्या टेपरेकॉर्डरची डिन पिन होय ना ताई. काहून जपानवरून मागवून राहिल्या?"

ड्रॉवरमधून त्यांनी तशी पिन काढली, मी छापून नेलेला पिनांचा नकाशा समोर ठेवला, आणि अर्ध्या तासात वायर तयार झाली. एकशे ऐंशी रुपये. जपानातून ती वायर मागवली असती तर पाठवणावळ धरून बाराशे गेले असते. माझ्या संग्रहातली सगळ्यात आवडती वस्तू विचाराल तर ती वायर आहे.

घरच्या एलईडी टीव्हीवर चित्र लगेच आलं. महालात आईकडच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावलं तर आलं, पण काळं-पांढरं. जपान एनटीएससी पद्धत वापरतो आणि आपल्याकडचे जुने टीव्ही पालचे, म्हणून रंग येत नाहीत. तुमच्या टीव्हीच्या मेनूत एनटीएससी आहे का ते आधी बघा. आणि विजेबद्दल हात जोडून सांगते: सोबत आलेला जपानी अडॅप्टर आपल्या बोर्डात लावू नका. तो १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. मशीनवर लिहिलेला व्होल्टेज आणि प्लस-मायनसची खूण बघून इथलाच अडॅप्टर घ्या, आणि खूण कळत नसेल तर मीटरने तपासून घ्या. उलटा लागला तर मशीन जाऊ शकतं.

मशीनवर रिमोटची जागा एकच. दोघांना खेळायचं असेल तर मल्टिटॅप वेगळा घ्यावा लागतो, त्यात पाच रिमोट लागतात. मी तो घेतला, कारण बॉम्बरमॅन. गेल्या दिवाळीत पाच जणांनी मिळून बॉम्बरमॅन '९४ खेळलो, सासूबाईंसह. चकलीचं तेल लागलेले हात पुसून पुसून. त्या रात्रीसाठी मला पीसी इंजिनचा सगळा खर्च मान्य आहे. अमेरिकन कार्ड जपानी मशीनमध्ये चालत नाहीत, पिनांची जोडणी वेगळी आहे, तेव्हा जे घ्याल ते एकाच देशाचं घ्या. सीडीचा जोड असलेली ड्युओ मॉडेलं मी टाळली. सीडी वाचणारी काच म्हातारी होते, आणि ड्युओच्या कंडेन्सरचीही गळतीची ख्याती आहे; गेम गिअरच्या वासाची आठवण अजून गेलेली नाही. नुसतं खेळायचं असेल, जमवायचं नसेल, तर २०२० साली निघालेलं पीसी इंजिन मिनी घ्या. एचडीएमआय वायर, पन्नासहून जास्त गेम आतच.

व्हेक्ट्रेक्स मी घेतलं नाही. १९८२ सालचं ते मशीन स्वतःचा नऊ इंची पडदा घेऊन येतं आणि ठिपक्यांऐवजी सरळ प्रकाशाच्या रेघा काढतं. त्याचे व्हिडिओ मी इतक्यांदा बघितले आहेत की मोजदाद नाही. पण ती काचेची ट्यूब जहाजातून, विमानातून, मग आपल्या रस्त्यांवरून येणार, आणि आत जास्त व्होल्टेजचं काम. काका म्हणाले, ट्यूबचं काम करणारे आता दोघंच उरलेत गल्लीत.

सांभाळण्याबद्दल थोडं. आपल्याकडे उन्हाळ्यात मशीनचा शत्रू ऊन नसतं, कूलर असतो. खिडकीतल्या कूलरची ओली हवा थेट येते त्या खोलीत मी ही मशीन उघडी ठेवत नाही. गोळ्यांच्या मोठ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या मी जमवते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात मशीनसोबत टाकते, विशेषतः जुलै ते सप्टेंबर. ठेवताना सेल काढून. कॅसेट अडली तर फुंकर मारू नका, तोंडातली ओल पिनांना गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, इअरबडला लावून पिना पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. सर्जिकल स्पिरिट चालेल का असं मला दोघांनी विचारलं. नको. त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात.

पैसे एकाच मशीनपुरते असतील तर माझं उत्तर निओ जिओ पॉकेट कलर. घरात माणसं जास्त आणि टीव्ही नवा असेल तर कोअरग्राफ्क्स. वंडरस्वान दुसरं किंवा तिसरं मशीन म्हणून घ्या, तेही साधं काळं-पांढरं, कारण तिघांत तेच सगळ्यात स्वस्त. फक्त पाठवणावळ आणि ड्युटी मिळून मशीनच्या किमतीएवढाच खर्च पुन्हा येतो हे धरून चला. मी म्हणूनच तीन कॅसेट आणि मशीन एकाच पार्सलमध्ये मागवलं.

दादा आता वर्ध्याला असतो. मागच्या महिन्यात येऊन गेला तेव्हा दुकानात काउंटरच्या मागे स्टूलावर बसून त्याने किंग ऑफ फायटर्स आर-२ हातात घेतला. काडीचा टिकटिक आवाज तासभर चालू होता. हे मशीन दुसऱ्याला वायरने जोडून दोघांना लढता येतं. त्याच्यासाठी एक शोधते आहे. निळं मिळालं तर बरं, सदरच्या पार्लरच्या दाराचा रंग तोच होता.